थंडी उताराला लागते

पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाला थंडीबद्दल वेधशाळा फार नवं काही सांगू शकत नाही. मी तीस वर्षं काळेवाडीतून पवनेचा पूल ओलांडून पलीकडे पिंपरीत कामाला गेलो, त्यातली निम्मी सायकलवर. डिसेंबरात पहाटे साडेपाचला निघालो की गल्लीत नुसता गारठा असायचा. पण सायकल नदीकडच्या उताराला लागली की थंडगार पाण्यात उतरावं तसं व्हायचं. आधी घोटे, मग गुडघे, मग छातीत हुडहुडी. पलीकडचा चढ चढलो की गारठा पुन्हा पहिल्यासारखा. रोज, त्याच जागी.

परवा जेवताना हे बोललो तर धाकट्या नातवाने मलाच शिकवलं. "आबा, जितकं उंच जावं तितकी थंडी वाढते. पुस्तकात आहे. मग खालीच जास्त कशी वाजेल?" थोरल्या नातीने मोबाइल पुढे केला. पुणे, अकरा अंश. गल्लीलाही अकरा, नदीलाही अकरा.

"पुस्तक खरं आहे," मी म्हटलं. "किलोमीटरभर वर गेलं की साधारण साडेसहा अंश उतरतात. पण निरभ्र रात्री, वारा पडलेला असला की, हा हिशेब उलटा होतो. ऊठ, फ्रीजचं दार उघड."

अनवाणी उभा राहिला आणि दार उघडताच नाचायला लागला.

"कुठे लागलं?"

"पायाला!"

"तोंडासमोर दार उघडलंस, मग तोंडाला का नाही लागलं?"

थंड हवा जड असते. एक घनमीटर हवा तीस अंशांना सुमारे १.१६ किलो भरते, तीच शून्य अंशाला १.२९ किलो. फरक मूठभर शेंगदाण्यांएवढा, पण तेवढ्यावर ती खाली बसते आणि जागा मिळेल तिकडे सरकते. फ्रीज समोरून उघडतो, म्हणून थंडी पायावर सांडते. कोपऱ्यावरच्या दुकानातली आइस्क्रीमची पेटी वरून उघडते. गिऱ्हाईक कितीही वेळ ठरवत बसलं तरी तिच्यातली थंडी बाहेर येत नाही. पेल्यातल्या पाण्यासारखी आत बसून राहते.

आता जमिनीचं बघा. दिवसभर साठवलेलं ऊन ती रात्री आकाशाकडे सोडते. ढग असले, हवा दमट असली, तर त्यातलं बरंच परत मिळतं. ढग म्हणजे तिची गोधडी. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडा वारा येतो, आकाश लख्ख होतं आणि गोधडी निघून जाते. जमीन गार पडते, तिला चिकटलेली हवा गार पडते, जड होते आणि उताराला लागते. ओढ्याओढ्याने खाली येते आणि दरीच्या तळाशी साचते. पाणी दिसतं, ही दिसत नाही, एवढाच फरक. वरची हवा उबदारच राहते. याला शास्त्रात तापमानाची विपरीतता म्हणतात. शब्द अवघड आहे, पण माझे गुडघे तो तीस वर्षं ओळखत होते.

माझं मूळ गाव जावळीत, महाबळेश्वरच्या डोंगराखाली. थोरले काका भाजी घेऊन वर जायचे आणि परत आले की सांगायचे, "वेण्णेवर दहिवर गोठलं." हल्ली वर्तमानपत्रांत मथळा येतो, महाबळेश्वरला हिमकण. पर्यटक गाड्या काढून पहाटे वेण्णा तलावाच्या काठी जातात, होड्यांच्या धक्क्यावरचा पांढरा थर नखाने खरवडून फोटो काढतात. लिंगमळ्याकडे स्ट्रॉबेरीच्या पानांवरही तोच थर असतो. गंमत अशी, की त्याच पहाटे वर गावातल्या तापमापकावर अनेकदा आठ-दहा अंश असतात. मग कोण खोटं बोलतं?

कुणीच नाही. तळं गावाच्या खाली, खोलगटात आहे. रात्रभर आजूबाजूच्या उतारांवरची गार हवा तिथे येऊन तुंबते. दुसरं असं, की वेधशाळेचा तापमापक जमिनीवर नसतो. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चारेक फूट वर असतो. ती पेटी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरने केली. गोष्टी लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्याचा मुलगा. (बाप तापमान मोजतो आणि मुलगा चाच्यांच्या गोष्टी लिहितो, हे मला फार आवडतं.) पेटीतल्या हवेपेक्षा जमिनीलगतचं पान आणखी काही अंशांनी गार असतं, कारण उष्णता आकाशाला देणारं ते पानच असतं. म्हणून पेटीत तीन-चार अंश असले तरी पानावर दव गोठू शकतं.

पुण्यात पारा सगळ्यात खाली गेला तो १७ जानेवारी १९३५ ला, १.७ अंशांवर. धाकट्याला ते फारसं भारी वाटलं नाही, पण शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसचं नाव ऐकून खुदखुदला. पुण्यात सिमला कुठून आलं? तर हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं आणि येताना नाव बरोबर घेऊन आलं. चौकाला लोक अजून तेच म्हणतात.

दहिवर आपल्याला फोटोपुरतं. निफाडच्या माणसाला तसं नाही. नाशिक जिल्ह्यातलं निफाड गोदावरी आणि कादवेच्या सपाट, सखल खोऱ्यात आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा राज्याच्या बातम्यांत येतो तो उगाच नाही. ज्या रात्री गव्हाला थंडी मानवते त्याच रात्री शेजारच्या द्राक्षबागेचा जीव टांगणीला लागतो. वेलीवर घड लटकलेले, मणी फुगत आलेले. थंडीने फुगवण थांबते, पक्व होत आलेल्या मण्यांना तडे जातात, आणि तडा गेलेला मणी व्यापारी उचलत नाही. एका पहाटेत वर्षाचं पीक.

तिथला एक द्राक्षवाला आमच्या खात्यात कामाला होता, भाऊ बागेत आणि हा यंत्रावर. थंडीची लाट आली की रजा टाकून गावी पळायचा. रात्री दोनला विहिरीचा पंप सुरू करायचा आणि बांधाबांधाला शेकोट्या पेटवायचा. मी विचारलं, थंडीत वर पाणी कशाला? तर विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा पुष्कळ उबदार असतं आणि बागेत ते हळूहळू उष्णता सोडतं. शिवाय पाणी गोठायची वेळ आलीच तर गोठतानाही ते ग्रॅमला ८० कॅलरी बाहेर टाकतं. गोठणारं पाणी ऊब देतं, हे नातवंडांना तीन वेळा सांगावं लागलं. मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं.

पण मला खरी आवडली ती शेकोट्यांची गोष्ट. एकच मोठी आग करायची नाही, लहान लहान पुष्कळ करायच्या. का? बागेच्या डोक्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा असतो. लहान शेकोटीची ऊब वर जाते, त्या झाकणाला टेकते आणि बागेतच पसरते. मोठी आग मात्र झाकण फोडून सरळ वर निघून जाते, आणि तिच्या जागी चारी बाजूंनी गार हवा आत ओढली जाते. जास्त लाकूड जाळून बाग जास्त गार करायची!

त्या झाकणाने ऊब अडते, तसा धूरही अडतो. बेल्जियममध्ये लिएजजवळ म्यूज नदीची दरी आहे, काठाने पोलाद, काच आणि जस्ताचे कारखाने. डिसेंबर १९३० च्या पहिल्या आठवड्यात वारा पडला, धुकं दाटलं आणि धुरांड्यांतून निघालेलं सगळं दरीतच राहिलं. पाच दिवसांत साठ माणसं गेली. आमची पवनेची दरी तशी खोल नाही, उथळ आहे, त्यामुळे मी पोरांना घाबरवत नाही. पण थंडीच्या सकाळी नदीवरची धुरकट पट्टी दिसते, ती त्याच कुळातली.

एक मात्र घाबरवून सांगतो. वरचं झाकण आकाश घालतं, पण दार माणूस बंद करतो. एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीचा वॉचमन घमेल्यात निखारे घेऊन केबिनचं दार लावून बसला. निखाऱ्यांना धूर नव्हता, म्हणून त्याला वाटलं धोका नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. पहाटे चहावाल्या पोराने दार ढकललं म्हणून तो वाचला. बंद खोलीत शेगडी नको, आणि न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर झरोका कापडाने बुजवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला दोघांना उठवून नदीकाठी नेलं. खिशात उदबत्त्या. एक पेटवून उतारावर रोवली. धूर वीतभर वर गेला, वाकला आणि जमिनीला धरून नदीकडे सरकायला लागला. धाकटा त्याच्यामागे रांगत गेला. पलीकडच्या बेकरीचा धूर उभा चढला आणि एका उंचीवर कुणी हात ठेवल्यासारखा आडवा पसरला.

"झाकण!" थोरली म्हणाली.

नऊच्या सुमारास ऊन जमिनीला लागलं, ती आडवी पट्टी उसवत गेली आणि बेकरीचा धूर वर जाऊ लागला. मोबाइलवर अजून अकराच.

मग साडेतीनशे रुपयांचे दोन तापमापक आणले. एक गच्चीवर, एक घाटाजवळच्या ओळखीच्या टपरीमागे, दोन्ही सावलीत आणि पायाखालच्या फरशी-जमिनीपासून सारख्या उंचीवर. थोरली वहीत लिहिते. काल पहाटे गच्चीवर तेरा, घाटावर साडेदहा. आज ढग होते, दोन्हीकडे चौदा. धाकट्याला अजून एक हवाय, पुलाच्या मधोमध टांगायला.