शंकरपाळं की चौकोन? कोळंबीच्या जाळ्याचं गणित



इथल्या दुकानात कोळंबीचं फ्रोझन पाकीट घेताना त्यावरचा २१/२५ किंवा ५१/६० असा आकडा आपण सगळेच बघतो. एका पौंडात किती कोळंब्या बसतात, त्याचा हा हिशोब. आकडा लहान, तितकी कोळंबी मोठी आणि भाव चढा! पाकिटातली कोळंबी बहुधा तळ्यात वाढवलेली असते. पण समुद्रातून आणलेल्या कोळंबीचा भावही बंदरावर आकार बघूनच ठरतो. मग वाढण्याआधीच ती पकडण्यात मच्छीमाराचंच नुकसान नाही का? आम्ही निधी समितीतले चार सॉफ्टवेअरवाले हा प्रश्न घेऊन बसलो आणि उत्तराचा मोठा भाग निघाला चक्क शाळेतल्या भूमितीत.

ट्रॉलरचं जाळं म्हणजे समुद्राच्या तळावरून ओढत नेलेलं लांबलचक नरसाळं. सगळी मासळी शेवटच्या पिशवीत गोळा होते, आणि लहान जिवांना निसटायचं असेल तर ते मुख्यतः तिथूनच. जाळ्याच्या भोकाला ‘आस’ म्हणतात. नेहमीच्या जाळ्यात तो शंकरपाळ्यासारखा तिरका असतो.

घरात कांद्याची जाळीदार पिशवी असेल तर ती लांबीच्या दिशेने ओढून बघा. भोकं मिटतात! समुद्रात नेमकं हेच होतं. मागे मासळीचं वजन, पुढे बोटीची ओढ, त्यामुळे शंकरपाळी ताणून नुसत्या फटी उरतात. साठलेल्या मासळीच्या अगदी पुढे पिशवी फुगते, तेवढ्याच पट्ट्यात ती थोडीफार उघडी राहतात.

आता थोडं गणित. ४० मि.मी.चा आस म्हणजे ताणून धरल्यावर समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर. त्याची प्रत्येक बाजू २० मि.मी. हेच जाळं ४५ अंशांत फिरवून शिवलं, तर निम्मे धागे ओढीच्या दिशेने येतात आणि ताण तेच घेतात. भोक चौकोनीच राहतं : २० बाय २०, म्हणजे ४०० चौ. मि.मी. शंकरपाळं मात्र १० मि.मी. रुंदीपर्यंत मिटलं, की क्षेत्रफळ उरतं साधारण १९४, निम्म्याहूनही कमी! धागा तोच, आस तोच, फक्त दिशा बदलली. १४ मि.मी. जाडीची कोळंबी चौकोनातून जाईल, या फटीत अडकेल.

अर्थात चौकोन म्हणजे जादू नव्हे. कोळंबीचे पाय, मिशा आणि टोकदार सोंड जाळ्यात गुंततात, त्यामुळे ‘या मापाखालची सगळी सुटली’ असं कधीच होत नाही. म्हणून ज्या लांबीच्या निम्म्या कोळंब्या सुटतात आणि निम्म्या राहतात, ती लांबी शास्त्रज्ञ मोजतात. पापलेटसारख्या चपट्या माशाला चौकोनाचा विशेष उपयोग नाही. गोलसर अंगाच्या माशांच्या पिल्लांना मात्र चांगला होतो. आणि करंदीसारखी जात मुळातच लहान! तिच्यासाठी भोक फार मोठं ठेवलं तर ते मच्छीमाराच्या खिशालाच पडायचं. म्हणजे आकाराबरोबर मापही जातीप्रमाणे ठरवायला हवं.

कायदे आहेत. गुजरातने २००३ च्या कायद्यात ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मि.मी.चा चौकोनी आस सांगितला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मासळीच्या ५४ जातींसाठी पकडण्याचं किमान माप ठरवलं. पण बोटमालकाची अडचणही खरी आहे. डिझेलचा खर्च आज होतो, सुटलेलं पिल्लू मोठं होणार पुढे कधीतरी, आणि ते कदाचित शेजारच्या बोटीच्या जाळ्यात जाणार! एकट्याने जाळं बदललं तर तोटा एकट्याचा. सगळ्यांनी बदललं तरच फायदा सगळ्यांचा.

सुदैवाने पूर्ण जाळं बदलावं लागत नाही, शेवटची पिशवी बदलली की काम होतं. म्हणूनच यंदाच्या निधीतला एक हिस्सा कोकणातल्या एका बंदरावरच्या छोट्या ट्रॉलरमालकांना अशा पिशव्या देण्यासाठी ठेवायचं ठरलं आहे, आणि तेही एकेकट्याला न देता सगळ्या बोटींना एकदम.

जेवणाच्या टेबलाजवळ आम्ही कांद्याची पिशवी टांगून ठेवली आहे. एकदा लांबीत ओढा, एकदा तिरकी ओढा. आणि हो, शेजारीच निधीची पेटी आहे, तिचं भोकही चौकोनीच आहे. त्यातून काहीही आत जाऊ शकतं!