‘काठचे गाव’ आणि पृच्छाभाषा

स्थलसंबंध व्यक्त करण्यासाठी मराठीत ‘आत’, ‘लगत’, ‘काठी’, ‘जवळ’ असे शब्द आहेत. त्यांचा नेमका अर्थ श्रोता प्रसंगावरून ठरवितो. संगणकातील माहितीसाठ्यास प्रसंगाचे ज्ञान नसते. म्हणून त्यास प्रश्न विचारण्याच्या भाषेत, म्हणजेच पृच्छाभाषेत, हे अर्थ आधीच निश्चित करावे लागतात.

१९७४ साली चेंबरलिन व बॉइस यांनी मांडलेली आणि पुढे ‘एस्क्यूएल’ या नावाने रूढ झालेली पृच्छाभाषा कोष्टकांतील नावे व आकडे निवडण्यासाठी होती. क्षेत्रांचे परस्परसंबंध सांगण्याची सोय तिच्यात नव्हती. ही उणीव दूर करण्याच्या प्रयत्नांत मॅक्स एगेनहोफर यांचे कार्य महत्त्वाचे होय. प्रत्येक क्षेत्राचे अंतरंग, सीमा व बाह्य भाग असे तीन घटक मानावेत आणि दोन क्षेत्रांच्या या घटकांचे नऊ छेद रिक्त आहेत की नाहीत हे पाहावे, अशी ही पद्धती आहे. अखंड व छिद्ररहित अशा दोन क्षेत्रांत त्यावरून आठच संबंध संभवतात.

महागाव तालुका यवतमाळ जिल्ह्यात आहे, असे आपण म्हणतो. परंतु तालुक्याच्या सीमेवर पैनगंगा असून पलीकडे नांदेड जिल्हा लागतो. म्हणजे तालुक्याची सीमा काही अंतर जिल्ह्याचीच सीमा आहे. ‘पूर्णतः आत’ आणि ‘आत, पण सीमेस भिडलेला’ हे या पद्धतीत दोन भिन्न संबंध ठरतात. मराठीतील ‘त’ हा प्रत्यय दोहोंना पुरतो.

याहून बिकट प्रश्न नामाचा आहे. ‘पैनगंगेकाठची गावे दाखवा’ या पृच्छेत ‘गाव’ म्हणजे काय? नकाशावरील बिंदू, गावठाण की संपूर्ण शिवार? शिवार नदीस भिडलेले, पण गावठाण दूर उंचावर, असे गाव एका अर्थाने यादीत येईल व दुसऱ्या अर्थाने गळेल. पिकांची हानी मोजावयाची तर शिवार हवे. माणसे हलवावयाची तर वस्ती हवी. २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यास पुराने वेढले, तेव्हा तेथे बचाव पथके धाडावी लागली. तांडा हा पुष्कळदा स्वतंत्र महसुली गाव नसतो. केवळ महसुली गावेच नोंदलेल्या साठ्यात अशी वस्ती कोणत्याही पृच्छेस सापडणार नाही.

उत्तर मिळाल्यावर ते दाखविण्याचा प्रश्न उरतो. एगेनहोफर यांनी १९९४ च्या आपल्या लेखात निवड आणि दर्शन यांच्या आज्ञा वेगळ्या ठेवल्या. उत्तर नव्या नकाशावर काढावे, आधीच्या नकाशावर चढवावे, की त्यात उठावदार करावे, हे विचारणाऱ्याने स्वतंत्रपणे सांगावयाचे. कारण नदी, रस्ते व शेजारची गावे यांवाचून दाखविलेले क्षेत्र ओळखताच येत नाही. श्रोत्यास जो संदर्भ आपोआप उपलब्ध असतो, तो येथे आज्ञेने पुरवावा लागतो.

तात्पर्य, पृच्छाभाषेचे व्याकरण कितीही काटेकोर असले, तरी तिच्या उत्तराची सत्यता शब्दार्थाच्या निश्चितीवर अवलंबून राहते. ‘गाव’ या शब्दाचा अर्थ ठरविणे हे यंत्राचे काम नव्हे. ते तेथील भाषा व भूमी जाणणाऱ्यांनी, पृच्छा लिहिण्यापूर्वीच करावयाचे असते.