फ्रेंच उकड आणि सामन्याची रात्र

उकड काढणें ही विद्या आमच्या घरांतील बायकांस कोणी शिकवावी लागत नाहीं. आधण ठेवावें, त्यांत मीठ व लोण्याचा लहान गोळा टाकावा, उकळी फुटतांच पीठ घालून उलथण्यानें घोटावें. गणेशचतुर्थीस हें घरोघर होतें. फ्रेंच लोक नेमकें हेंच करितात. त्यांचें पीठ मैद्याचें, लोणी पुष्कळ अधिक, आणि उकडींत ते अंडीं घालितात. भट्टींत फुगलेले हे गोळे कोबीच्या चिमुकल्या गड्ड्यांसारखे दिसतात, म्हणून त्यांस 'शू' म्हणजे कोबी हें नांव पडलें. गोडाचे प्रकार सर्वांस ठाऊक आहेत. परंतु बर्गंडी प्रांतांत चीज घालून तिखटामिठाचेही करितात.

आमच्या कळंबोलींत या पदार्थाचा प्रवेश क्रिकेटच्या मार्गानें झाला. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पावसामुळें तो तीनाऐवजीं पांच वाजतां सुरू झाला. भारतानें ७ बाद २९८ धावा केल्या, दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ वर आटोपला. तोंपर्यंत मध्यरात्र झाली होती. इतका वेळ शेजारपाजारची मंडळी दिवाणखान्यांत बसून राहणार, तर त्यांच्यापुढें ठेवावें काय? चिवडा तिसऱ्या तासास कंटाळवाणा होतो, आणि वडे तळीत बसणारीस सामना दिसत नाहीं. आमच्या सूनबाईंस सामना पाहावयाचाच होता.

प्रमाण असें: पाणी २५० मिलिलिटर, लोणी १०० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, अंडीं चार, मीठ अर्धा चमचा. उकड भांड्याच्या कडा सोडूं लागली कीं उतरवावी व कोमट होऊं द्यावी. गरम उकडींत अंडें घातल्यास तें तेथेंच शिजून गुठळ्या होतात. अंडीं एकेक करून घोटावीं. उलथणें उचलतां पीठ जिभेसारखें लोंबलें म्हणजे पुरे. मग चौथें अंडें सगळें लागलें नाहीं तरी आग्रह धरूं नये. लिंबाएवढे गोळे दूर दूर मांडून २०० अंशांवर पंधरा मिनिटें, पुढें १८० वर आणखी तितकींच भाजावे. मध्यें दार उघडूं नये. पिठांतील पाण्याची वाफ होऊन ती गोळा आंतून फुगविते, आणि अंडें व पीठ शिजून त्याची भिंत घट्ट होते. भिंत कच्ची असतांना थंड हवा लागली कीं सारें बसतें. मोदकाची पोकळी आपण बोटांनीं घडवितों, येथें ती वाफ घडविते.

भाजल्यावर प्रत्येकास सुईनें भोंक पाडून वाफ सोडावी. कोंकणच्या दमट हवेंत हे तासाभरांत मऊ पडतात. म्हणून रिकामेच डब्यांत ठेवावे, वाढण्यापूर्वीं पांच मिनिटें पुन्हां भाजावे, आणि मगच भरावे. सामना दोन तास पुढें गेला तरी मग चिंता नाहीं. सारण कोरडें हवें: वड्याची बटाट्याची भाजी थंड करून, किंवा चक्क्यांत मिरची-कोथिंबीर वाटून. टोमॅटोचा रस्सा वगैरे प्रकार करूं नयेत.

आतां अंड्याचा प्रश्न. सोडा घालून बिनअंड्याचे करितात. त्याला बिस्किट म्हणावें, शू म्हणूं नये. परंतु अंडें घातलें असतां तें न सांगणें आम्हांस पसंत नाहीं. बेकरीच्या केकांत काय आहे हें न विचारण्याचा शहाणपणा आमच्या पिढीनें पुष्कळ दाखविला. तो ज्याचा त्यानें आपल्यापुरता दाखवावा. आपल्या घरीं विश्वासानें बसलेल्या माणसाच्या व्रताचा निर्णय यजमानानें परस्पर करूं नये. सूनबाईंनीं दाराशींच सर्वांस सांगितलें. दोघांनीं हात आखडला, कोणी रागावलें नाहीं.

त्यांच्यासाठीं तांदुळाच्या उकडींत मिरची, जिरें, कोथिंबीर मळून निवगऱ्या वाफवून ठेविल्या होत्या. आमच्या वहिनींनीं त्याच घेतल्या, वर कच्चें तेल मागून घेतलें, आणि शेवटचा गडी बाद होईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहींत.