मीठ, पाणी आणि थकलेलं हृदय

उरणला येऊन मिठाविषयी बोलायचं म्हणजे धाडसच. मिठागरात भरतीचं पाणी कोंडतात, ऊन पाणी उडवून नेतं, मीठ मागे राहतं. शरीरात मात्र मीठ थांबलं की त्याच्यासोबत पाणीही थांबतं. आजचा विषय एवढ्यावर उभा आहे.

हृदय अशक्त झालं की मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचतं. का कमी, हे त्यांना कळत नाही. जखमेतून रक्त जावो, जुलाबाने पाणी जावो, की हृदयाचा जोर कमी पडो, त्यांच्यापर्यंत खबर एकच येते. मग ती रेनिन सोडतात, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन बनतं, आणि त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडतात. हे संप्रेरक मीठ-पाणी राखतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. जखमी माणूस त्याने वाचतो. हृदयरोग्याच्या मात्र पायांना सूज येते, धाप लागते. शिवाय हृदयाच्या स्नायूत ताठर तंतू वाढतात.

आम्ही तत्त्वज्ञानात हेतू आणि परिणाम वेगळे धरतो, ते याचसाठी. इथे हेतू रक्षणाचा, परिणाम घाताचा.

स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन काय करतं? पेशीत अल्डोस्टेरॉन जिथे बसतं, ती जागा आधीच अडवतं. निरोप येतो, पण तो घ्यायला जागा रिकामी नसते. पूर्वी वाटायचं, अँजिओटेन्सिन रोखलं की अल्डोस्टेरॉन आपोआप खाली राहील. तसं होत नव्हतं. १९९९ साली रेल्स नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. गंभीर हृदयविकाराचे १,६६३ रुग्ण होते. नेहमीच्या औषधांवर निम्म्यांना स्पायरोनोलॅक्टोन दिलं, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. सरासरी दोन वर्षांत दिखाऊ गोळीवाल्यांत शंभरातले ४६ दगावले, औषधवाल्यांत ३५.

आता सावधगिरी. पोटॅशियम बाहेर जायचं थांबलं, की ते रक्तात साचू शकतं, आणि फार साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून गोळी सुरू केल्यावर आठवड्याने, महिन्याने आणि पुढेही रक्त तपासायचं. ‘कमी सोडियमचं’ मीठ पथ्याचं वाटतं, पण त्यात बहुधा पोटॅशियमच असतं. रोजचं शहाळं आणि दुखण्यावरच्या गोळ्या, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. पुरुषांत स्पायरोनोलॅक्टोनने छाती दुखरी होऊन वाढू शकते. लाजून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. दुसरं औषध आहे.

आणि हो, गोळी घेतली म्हणून सुकट, पापड, लोणच्याला मोकळीक मिळाली असं समजू नये. आपण मीठ ओतत राहायचं आणि गोळीने उपसत राहायचं, हा व्यवहार फार दिवस चालत नाही.