जिरायती माती आणि अवकाशातले जिवाणू

बारामतीच्या जिरायती भागातली मे महिन्यातली भेगाळलेली माती मेल्यासारखी वाटते, पण तिच्यात बॅसिलस गटातले जिवाणू बीजाणू होऊन पडलेले असतात. उपासमार सुरू झाली की जिवाणूची पेशी आपल्या पोटातच जाड कवचाची दुसरी पेशी घडवते. तिच्या गाभ्यातले बरेचसे पाणी काढले जाते, त्या जागी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल भरले जाते. डीएनएला छोटी प्रथिने चिकटून बसतात. वर्षानुवर्षे असे पडून राहता येते. ओल आणि अन्न मिळाले की पेशी पुन्हा जागी होते.

ही तयारी काही अवकाशासाठी नव्हे. पण निर्वात पोकळी तरी पेशीचे करते काय? पाणी ओढून घेते. माळेगाव खुर्दच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत पिकांच्या ज्या ताणांवर काम चालते, त्यातला अवर्षणाचा ताण तो हाच, फक्त टोकाचा. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जिवाणू बीजाणू करत नाही, तरी टिकतो. कोरडे पडल्यावर त्याच्या डीएनएचे तुकडे होतात आणि पाणी मिळताच तो ते सांधतो. किरणोत्साराने झालेले तुकडेही तीच यंत्रणा सांधते.

खरा घातक मारा सूर्याच्या अतिनील किरणांचा. त्यांच्यापुढे उघडे पडलेले बीजाणू बहुतेक काही मिनिटांतच मरतात. आडोसा मात्र अगदी थोडा पुरतो. जपानच्या तानपोपो प्रयोगात डायनोकॉकसचे वाळवलेले थर 2015 पासून तीन वर्षांपर्यंत अंतराळ स्थानकाबाहेर ठेवले होते. अर्धा मिलिमीटर किंवा अधिक जाडीच्या थरांत वरचे जिवाणू मेले, त्यांच्याआड खालचे जगले.

आपल्याकडे 20 एप्रिल 2005 रोजी हैदराबादहून इस्रोचा फुगा उडाला; प्रयोगाचे प्रमुख होते जयंत नारळीकर. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली गेली. हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या संशोधन संस्थांत ती स्वतंत्रपणे तपासली. तिच्यात सापडलेल्या जिवाणूंपैकी तीन जाती नव्या निघाल्या आणि जवळच्या नातलगांपेक्षा अतिनील किरण जास्त सोसणाऱ्या ठरल्या. त्या परग्रहावरूनच आल्या, असे इस्रोने 2009 मध्ये निकाल जाहीर करताना म्हटले नाही, हे बरे झाले. त्यांतला बॅसिलस आर्यभट्टाय पुढे शेतमातीतही, पिकांच्या मुळांपाशी सापडला. त्याचा सख्खा म्हणावा असा नातलग, बॅसिलस मेगाटेरियम, स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणू खतात वापरतात. त्या खताची बीजप्रक्रिया केलेले बियाणे सावलीतच सुकवायला सांगतात, त्यामागे उष्णतेबरोबर हेच अतिनील किरण आहेत.