होडीच्या पोटातले पाणी

पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या बंदरावर गेलात, तर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या तुम्हाला दिसतील. समुद्र खवळलेला असतो, मासेमारी बंद असते. म्हणून होड्या झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारून ठेवलेल्या असतात. त्यांतल्या एखाद्या फायबरच्या होडीला मागच्या बाजूस, अगदी तळाशी, रुपयाच्या नाण्याएवढे गोल भोक दिसले तर दचकू नका. ते चुकून पडलेले नसते. मुद्दाम पाडलेले असते. त्यात बसवायचे बूच काढून जपून ठेवलेले असते.

पण होडीला भोक कशासाठी? होडीचे काम तर पाणी बाहेर ठेवण्याचे! त्याचे उत्तर असे, की कितीही चांगली होडी घेतली तरी थोडे पाणी तिच्या पोटात शिरतेच. लाटांचे तुषार उडतात, पाऊस पडतो, ओली जाळी निथळतात, एखाद्या बारीक भेगेतून पाणी झिरपते. हे पाणी दिसायला थोडे असते. पण त्याचा हिशेब मांडून पाहा.

पाण्याचे ओझे

समजा, सपाट तळाची एक होडी ४ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद आहे. तिच्या तळाचे क्षेत्रफळ झाले ६ चौरस मीटर. तिच्यात फक्त ५ सेंटीमीटर पाणी साठले, म्हणजे आपला घोटाही पुरता बुडणार नाही एवढे. त्याचे घनफळ होईल ०.३ घनमीटर, म्हणजे ३०० लिटर. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे एक किलोग्रॅम असते. तेव्हा होडीत ३०० किलोग्रॅम ओझे वाढले! साठ किलो वजनाची पाच माणसे तिकिटाविना येऊन बसावीत, तसेच हे झाले.

आता आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. ३०० किलोग्रॅम जास्तीचे पाणी सारण्यासाठी ही होडी आणखी जवळजवळ ५ सेंटीमीटर खाली जाईल. म्हणजे आत जितके पाणी चढले, तितकाच होडीचा काठ समुद्राच्या जवळ आला. पुढची लाट आत येणे त्यामुळे अधिकच सोपे झाले.

धावते ओझे

पण खरा धोका नुसत्या वजनात नाही. एक प्रयोग करून पाहा. प्लॅस्टिकचे दोन सारखे, पसरट, उथळ डबे घ्या. एकात ओल्या मातीचा सपाट थर घट्ट दाबून बसवा. दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे पाणी ओता. दोन्ही डबे टबातल्या पाण्यावर तरंगत ठेवा आणि बोटाने एकेकाचा काठ हळूच दाबून सोडा. मातीचा डबा चटकन सरळ होतो. पाण्याचा डबा मात्र रेंगाळत डुलतो, जास्त कलतो आणि कधी कधी उलटतोही.

असे का होते? होडी कलली, की कललेली बाजू पाण्यात अधिक बुडते. तेथे पाण्याचा वर रेटणारा जोर वाढतो आणि होडी सरळ होते. पण आतले पाणीही नेमके त्याच बाजूला धावते आणि आपले वजन तेथे नेऊन टाकते. बाहेरचे पाणी होडीला उचलू पाहते, तर आतले पाणी तिला दाबू लागते.

हा धोका केवळ लहान होड्यांनाच असतो असे नाही. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुगे बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ हे प्रवासी जहाज निघाले. त्याचे पुढचे दार बंद करायचे राहून गेले होते. मोटारी ठेवण्याच्या रुंद, मोकळ्या मजल्यावर पाणी शिरले आणि एका बाजूला धावले. पाहता पाहता ते प्रचंड जहाज कलंडले. १९३ माणसे प्राणास मुकली.

पडदे आणि कप्पे

यावर उपाय म्हणजे पाण्याला धावायला जागाच द्यायची नाही. या परिणामाचा जोर रुंदीच्या घनाप्रमाणे बदलतो. होडीत लांबीच्या दिशेने मधोमध एक पडदा घातला, तर प्रत्येक भागाची रुंदी निम्मी होते आणि तेथला परिणाम आठव्या हिश्शावर येतो. असे दोन भाग मिळून एक चतुर्थांश. केवळ एका पडद्याने तीन चतुर्थांश धोका टळला! म्हणून जहाजांत आणि होड्यांत कप्पे करतात. पुष्कळ होड्यांत हवेने भरलेले बंद कप्पेही असतात. होडी पाण्याने भरली तरी ते तिला तरंगत ठेवतात.

पण बंद कप्प्यातही ओल येते. दिवसा तापलेली हवा प्रसरण पावून बारीक फटींतून बाहेर जाते. रात्री कप्पा थंड झाला की दमट हवा आत ओढली जाते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. शिवाय बारीकसारीक गळती असतेच. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही, डब्याने उपसता येत नाही. लाकूड असेल तर ते कुजवते. म्हणून प्रत्येक कप्प्याला स्वतःचे भोक आणि स्वतःचे बूच हवे. पडद्यांनाच भोके पाडून सारे कप्पे जोडले, तर पाणी पुन्हा इकडून तिकडे धावू लागेल आणि पडद्यांचा उपयोगच उरणार नाही.

बूच कसे बसवतात?

हे काम होडी किनाऱ्यावर असताना करतात. पाणी नेहमी सखल जागा शोधते. म्हणून होडीची नाळ थोडी उंच ठेवून मागच्या फळीत, कप्प्याच्या अगदी तळाशी जागा निवडतात. भोक दोन बोटे वर पडले, तर दोन बोटे पाणी कायमचे आत राहील. भोकाची कड लाकडी असेल, तर तिला इपॉक्सी राळेचे दोन-तीन हात देतात. लाकडातल्या सूक्ष्म नळ्या केशाकर्षणाने पाणी शोषून घेतात. त्यांची तोंडे राळेने बंद होतात. मग आटे असलेली नळी चिकट लांबीत बसवतात आणि रबरी चकतीसह बूच पिळून घट्ट करतात. नळी साध्या पितळेची नसलेली बरी. पितळेतले जस्त खाऱ्या पाण्यात हळूहळू निघून जाते आणि धातू ठिसूळ होतो. कांसे किंवा चिवट प्लॅस्टिक चांगले.

बूच काढले तरी कधी कधी पाणी गुळगुळ करून अडते. तेलाच्या डब्याला आपण दोन भोके का पाडतो, ते आठवा! पाणी बाहेर यायचे तर त्याच्या जागी हवा आत जायला हवी. म्हणून कप्प्याचे वरचे झाकणही उघडावे लागते.

शेवटची गोष्ट, पण पहिली आठवण

जे भोक पाणी बाहेर सोडते, तेच आतही घेते. बूच न लावता होडी पाण्यात लोटली आणि अडीच सेंटीमीटर व्यासाचे भोक पाण्याखाली १० सेंटीमीटर असले, तर ढोबळ हिशेबाने मिनिटाला सुमारे २५ लिटर पाणी आत येईल. बारा मिनिटांत ३०० लिटर! म्हणजे आपली ती पाच माणसे पुन्हा होडीत हजर. म्हणून होडी लोटण्याआधी भोकावरून हात फिरवून पाहावा. झेब्रुगेला राहून गेले होते ते एक दार. इथे तर फक्त एक बूच आहे.

पुढच्या वेळी बंदरावर गेलात, तर होड्यांच्या मागच्या बाजूला हे भोक शोधा. आणि जाता जाता एक प्रश्न: होडीत एकाऐवजी दोन पडदे घालून तीन सारखे भाग केले, तर धावत्या पाण्याचा परिणाम कितव्या हिश्शावर येईल? वहीत करून पाहा.