सात थर आणि वीस टन

बाटलीच्या आकाराचा हायड्रॉलिक जॅक आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. हायवेच्या कडेला ट्रकचं चाक बदलताना तो आसाखाली बसवतात आणि क्लीनर दांडा वरखाली करत राहतो. अमेरिकेत आणि कॅनडात काही हौशी लोक हाच जॅक घरच्या गॅरेजमध्ये एका लोखंडी चौकटीत बसवतात. तिथे त्याला काहीच उचलायचं नसतं. वरचा गर्डर हलत नाही, खालचाही हलत नाही. मधल्या साच्यात गोंद लावलेले मेपलचे सात पातळ थर असतात आणि जॅकची सगळी ताकद त्यांच्यावर येते. रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी साचा उघडला की स्केटबोर्डची फळी हातात येते.

एका फळीसाठी एवढा खटाटोप का, हे तिचा आकार नीट पाहिला की कळतं. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी रोलरस्केटची चाकं ज्या फळकुटाला ठोकली ते अगदी सपाट होतं. पुढे लॅरी स्टीव्हन्सनने मागचं टोक वर उचललेल्या फळीचं पेटंट घेतलं आणि पायाला जोर लावायला जागा मिळाली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने युरेथेनची चाकं आणली. ती रस्ता धरून ठेवत, त्यामुळे वेग वाढला आणि फळीकडून अपेक्षाही वाढल्या. त्याच दशकात कॅनडातल्या विली विंकेलने मेपलचे पातळ थर चिकटवून फळ्या बनवायला सुरुवात केली. सात थरांच्या मेपलची ती रीत आजही बहुतेक कारखाने पाळतात.

आजच्या फळीची दोन्ही टोकं साधारण वीस अंशांनी वर वळलेली असतात आणि रुंदीतही ती उथळ परातीसारखी खोलगट असते. एकाच वेळी दोन दिशांना वळलेला असा आकार अखंड लाकडातून कोरून काढला, तर टोकाच्या वळणावर रेषा आडव्या कापल्या जातात आणि पहिल्याच आपटीला ते टोक तुटतं. उडी मारताना स्केटर मागचं टोक, म्हणजे शेपटी, जमिनीवर मुद्दाम आपटतोच, तेव्हा हा प्रश्न रोजचा आहे. म्हणून लाकडाला कापायचं नाही, वळवायचं. दीड मिलिमीटरचा पापुद्रा हाताने सहज वळतो. असे सात वळवून एकमेकांना चिकटवले की नंतर कुणालाच एकट्याने सरळ होता येत नाही.

लाकूड शुगर मेपलचं, ग्रेट लेक्सच्या थंड प्रदेशातलं. तिथे झाड सावकाश वाढतं, त्यामुळे लाकूड घट्ट होतं. पाच थरांच्या रेषा लांबीच्या दिशेने जातात आणि दोन थर, बहुधा तिसरा आणि पाचवा, आडव्या रेषांचे असतात. आडव्या थरांमुळे फळी उभी चिरत नाही. ते मधल्या थरापासून सारख्याच अंतरावर ठेवायचे असतात, नाहीतर हवा दमट झाली की फळी पिळवटते. सगळे मिळून जाडी जेमतेम अकरा मिलिमीटर.

आता जॅककडे वळू. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. १७९५ साली लंडनमध्ये जोसेफ ब्रामाने त्यावरून दाबयंत्राचं पेटंट घेतलं. कागदावर सोपं वाटणारं ते यंत्र प्रत्यक्षात गळत होतं, कारण दट्ट्याभोवतीची फट बुजवायची तर दट्ट्याच अडकून बसे. त्यावर चामड्याच्या वाटीसारख्या वायसरचा उपाय निघाला. त्याचं श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला दिलं जातं. आतला दाब जितका वाढेल तितकी ती वाटी कडांना घट्ट चिकटते आणि दाब उतरला की सैल पडते. मला या सगळ्या इतिहासात ही वाटीच सर्वांत सुंदर वाटते. ज्या दाबाने गळती व्हायची, त्याच दाबाला तिने राखणीला बसवलं. आजच्या जॅकमध्ये चामड्याची जागा रबराने घेतली आहे, युक्ती तीच.

हिशोब असा. समजा दांड्यावर तुम्ही चाळीस किलोचा जोर दिला आणि तरफेमुळे तो वीसपट झाला, म्हणजे ८०० किलो. छोट्या दट्ट्याचा व्यास १० मिलिमीटर आणि मोठ्याचा ५० असेल तर क्षेत्रफळ पंचवीसपट, म्हणजे २०,००० किलो. दोन आसांचा ट्रक मालासकट काट्यावर उभा केला तर साधारण एवढंच वजन भरेल.

वीस टन ऐकायला पुष्कळ वाटतं. पण थरांचा आकार सुमारे ८४ बाय २४ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ २,००० चौरस सेंटिमीटर. त्यावर वीस टन पसरले की प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला जेमतेम दहा किलो येतात. पांढऱ्या, फेविकॉलच्या जातीच्या गोंदाला कठीण लाकडावर बारा ते सतरा किलो लागतात. म्हणून जाणते लोक दोन जॅक लावतात आणि दोन्ही पूर्ण ताकदीला नेत नाहीत. टोरोंटोच्या रोअरॉकिट कंपनीने निर्वात पिशवीची पद्धत लोकप्रिय केली. त्यात हवेचाच दाब कामाला येतो, पण तो फक्त एक किलो. थर पातळ असतात आणि हवा सगळीकडे सारखी दाबते, म्हणून त्यावरही फळी बनते. शाळेतल्या मुलांना शिकवायला ती पद्धत उत्तमच. पण वळणावरची शेवटची फट मिटवायची असेल तर माझा कौल लोखंडाच्या बाजूने आहे.

जॅक विकत मिळतो. चौकट मात्र आपणच बांधायची असते आणि प्रेस बांधणं म्हणजे खरं तर चौकट बांधणं. जॅक साच्याला जेवढं खाली दाबतो तेवढंच वरच्या गर्डरला वर ढकलतो. तो गर्डर मधोमध दोन मिलिमीटर जरी फुगला तरी फळीच्या मध्यावरचा दाब पळाला आणि तिथे गोंदाचा जाड थर राहिला. आडव्या पट्टीची उंची दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो, म्हणून लोखंड आडवं न टाकता उभं ठेवतात. त्याहून शहाणपणाचा मार्ग म्हणजे एक लांबलचक गर्डर टाळून साच्याच्या रुंदीभोवती दोन-तीन आखूड चौकटी उभारणं. ऐंशी सेंटिमीटरची झेप वाकते, तीस सेंटिमीटरची मुळीच वाकत नाही म्हटलं तरी चालेल.

वरचा आणि खालचा गर्डर जोडणाऱ्या उभ्या गजांच्या बाबतीत माणसं फसतात. दुकानात मिळणारा आटे पाडलेला साधा २० मिलिमीटरचा गज कायमचा न लांबता साडेपाच टनांच्या आसपास ताण सोसतो. ८.८ दर्जाचा तेवढ्याच जाडीचा गज पंधरा टन सोसतो. दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही, कळतो तो टोकावर कोरलेल्या आकड्यावरून किंवा बिलावरून. इथे पैसे वाचवू नयेत. ताणलेली चौकट ही ओढलेल्या धनुष्यासारखी असते. दांडा मारताना तिच्या समोर कुणी उभं राहायचं नाही, कडेलाच राहायचं. आणि जॅक नेहमी उभाच बसवायचा. उलटा टांगला तर पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येते आणि दांडा नुसता हलत राहतो.

साच्याचे दोन भाग असतात, आणि दोन्हींची वळणं हुबेहूब सारखी करणं ही पहिल्यांदा करणाऱ्याची हमखास चूक. सपाट भागात दोन भागांमध्ये ११ मिलिमीटरची फट ठेवली, की वीस अंशांच्या उतारावर तीच फट आपोआप १०.३ मिलिमीटर होते. मग टोकांवर साचा आधी टेकतो, मधला भाग सैल राहतो. आतलं आणि बाहेरचं वळण वेगळ्याच त्रिज्येचं हवं. ते आखत बसण्यापेक्षा एक जुनी, सोपी रीत आहे. खालचा भाग प्लायवूडचे तुकडे जोडून, घासून मनासारखा करायचा. त्यावर फळीच्या जाडीइतके थर अंथरायचे, वर प्लास्टिक, आणि भोवती पेटी करून काँक्रीट ओतायचं. वरचा भाग खालच्याचा नेमका जोडीदार होऊन निघतो. साधं चांगलं काँक्रीटही प्रत्येक चौरस सेंटिमीटरला अडीचशे किलो सोसतं, आपल्याला लागतात पंधरा. फक्त ते पुरतं मुरू द्यावं. घाईत लवकर दाबलेल्या साच्याला कडेला तडे जाऊ शकतात.

मग गोंद लावायचा दिवस येतो. हातात मोजकी दहा मिनिटं असतात. रोलरने सहाही जोडांत गोंद पसरायचा, गठ्ठा मेणकागदात गुंडाळून साच्यात सरळ बसवायचा आणि दोन्ही जॅक आळीपाळीने थोडे थोडे मारायचे. एक पुढे गेला तर साचा कलतो. कडेने गोंदाचे मणी एकसारखे फुटले की दाब सगळीकडे पोहोचला असं समजायचं. एखाद्या हातभर जागेत मणी नसले तर तिथे काहीतरी चुकलेलं असतं, आणि आता उघडूनही बघता येत नाही. पंधरा मिनिटांनी दांडा हलका लागतो. जॅक गळतोय असं वाटतं, पण बहुतेकदा गोंद बाहेर पडून थर बसलेले असतात. पुन्हा चार ठोके मारायचे आणि दार लोटून घ्यायचं.

सकाळी निघालेला चौकोनी गठ्ठा किंचित उमलतो, साच्यापेक्षा थोडा सपाट होतो. ते धरूनच साच्याचं वळण जरा जास्त ठेवलेलं असतं. गोंदातलं पाणी लाकडात मुरलेलं असतं, म्हणून काही दिवस त्याला सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असं ठेवतात. मग चाकांच्या आसांसाठी आठ भोकं, जिगसॉने बाह्यरेषा, राउटरने गोलाई, पॉलिशपेपर. ग्रिपटेप चिकटवायच्या आधी फळी दोन बोटांत लोंबती धरायची आणि दुसऱ्या हाताच्या पेराने नाकापासून शेपटीपर्यंत टकटक करत जायचं. जिथे थर एकजीव झालेत तिथे ती खणखणीत वाजते, आणि जिथे साचा कमी टेकला होता तिथे आवाज बसका येतो.